बोटीवरच्या इस्पितळाची वीज

"तू काय डॉक्टर आहेस का?" रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर देवळाच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, घरी जेवताना, सगळीकडे मला हेच विचारलं गेलं. मी वसईचा, बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर. आजवर टँकर आणि कंटेनरच्या बोटींवर काम केलं. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधली सुट्टी पश्चिम आफ्रिकेत एका इस्पितळाच्या बोटीवर, बिनपगारी आणि वर आपल्याच खर्चाने घालवायची म्हटल्यावर लोक विचारणारच. आमच्या पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी दर्यावर आहे, त्यामुळे उत्तर नीट लिहून ठेवतो.

'मर्सी शिप्स' ही ख्रिस्ती संस्था १९७८ मध्ये डॉन आणि डेयॉन स्टीफन्स या जोडप्याने सुरू केली. त्यांची पहिली बोट 'अनास्तासिस' आधी 'व्हिक्टोरिया' नावाची इटालियन प्रवासी बोट होती आणि इटलीहून पूर्वेकडे जाताना मुंबईला थांबायची. गोदीत काम केलेल्या माझ्या काकांना ती पांढरी बोट चांगली आठवते. पुढे २००७ मध्ये ती गुजरातेत अलंगला तोडली गेली. मी ज्या बोटीवर गेलो ती 'ग्लोबल मर्सी' मात्र पहिल्यापासून इस्पितळ म्हणूनच बांधलेली. चीनमध्ये तयार झाली, २०२१ मध्ये संस्थेच्या ताब्यात आली. लांबी १७४ मीटर, सहा ऑपरेशन थिएटरं, सुमारे दोनशे खाटा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनच्या धक्क्याला लागली आणि मी २०२४ च्या सुरुवातीला तिथे पोचलो. विमानतळ लुंगीला, खाडीच्या पलीकडे. तिथून छोट्या बोटीने शहर गाठावं लागतं. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड दर्यावर्दी माणसाकडे असतंच. इतरांनी ते आधी काढावं. त्याच्याशिवाय तिथे प्रवेश नाही आणि परत येताना आपल्याच विमानतळावर क्वारंटाइन होण्याची पाळी येते.

आता कामाचं. एरवीची बोट धक्क्याला लागली की आम्हाला घाई असते, माल उतरव, माल चढव, चल पुढे. ही बोट महिनोन्‌महिने एका जागी उभी असते आणि तिच्या पोटात माणसं भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर असतात. किनाऱ्यावरून वीज घेता येत नाही, ती आमची आम्हीच बनवायची. फ्रीटाउन शहराला स्वतःलाच वीज पुरत नाही. तेव्हा तिथे एक तुर्की वीजबोट नांगरलेली होती, ती शहराला वीज विकायची. आदल्या वर्षी थकबाकीवरून तिने पुरवठा पार खाली आणला होता. रात्री डेकवर उभं राहिलं की डोंगरावरच्या वस्त्या एकेका पट्ट्याने विझताना दिसतात. त्या वस्त्यांमधूनच आमचे रुग्ण येतात.

प्रवासी बोटीवर मुख्य वीज गेली तर इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत लोड घ्यावा असा नियम आहे. टँकरवर मी ही चाचणी कुणाच्या झोपेची पर्वा न करता घेतली आहे. इथे तीच चाचणी घ्यायची तर आधी थिएटरच्या प्रमुखांशी बोलायचं, शस्त्रक्रिया नसलेला दिवस ठरवायचा, आयसीयूतल्या प्रत्येक यंत्राचा यूपीएस आदल्या दिवशी तपासायचा. ४५ सेकंद म्हणजे किती हे मला तिथे कळलं, कारण माझ्या शेजारी उभी असलेली भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत होती.

जानेवारीत सहारावरून हरमाटन वारा सुटतो. आभाळ तांबूस, सगळीकडे पिठासारखी धूळ. थिएटरमधली हवा बाहेरच्या पॅसेजपेक्षा किंचित जास्त दाबाची ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी धूळ आणि जंतू आत न येता हवा बाहेर जाते. फिल्टर धुळीने भरले की तो दाब पडतो. त्यात हवा गार करणाऱ्या चिलरला लागणारं समुद्राचं पाणी बंदरातलं, प्लास्टिकने भरलेलं. एका सकाळी चिलरचा दाब चढायला लागला. पाणी गाळणाऱ्या स्ट्रेनरमध्ये पिशव्या अडकल्या होत्या. वर एका लहान मुलीच्या भाजलेल्या, आखडलेल्या हाताची शस्त्रक्रिया चालू होती. थर्ड इंजिनिअर, फिटर आणि मी, तिघांनी दुसरा पंप लावला, स्टँडबाय चिलर चालू केला, मग तो स्ट्रेनर उघडून साफ केला. वर कुणाला काही कळलंही नाही. आमचं काम कळू न देण्याचंच आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये मांडलं. हा आकडा मी जाण्याआधी वाचला होता. जबड्याची गाठ मात्र तिथे पाहिली. ही बहुतेकदा कर्करोगाची नसते, पण काढली नाही तर वाढत जाते, खाणं अवघड होतं, शेवटी श्वासही. आपल्याकडे एवढी वाढायच्या आत कुणीतरी दंतवैद्य ती बघतो. तिथे तो दंतवैद्यच नसतो. असा एक माणूस फडक्याने तोंड झाकून गँगवेवर चढला होता. बोटीवरच्या कुणालाही ड्यूटी संपल्यावर वॉर्डात जाऊन रुग्णांसोबत बसता येतं, म्हणून मी जायचो. ऑपरेशननंतर त्याला बोलता येत नव्हतं आणि मला क्रिओ भाषा येत नव्हती. आम्ही लुडो खेळायचो. तो कमालीचा हुशार खेळाडू होता, माझी सोंगटी घरापाशी आली की नेमकी मारायचा आणि बोटाने मला परत सुरुवातीची जागा दाखवायचा.

"मिशनचं इस्पितळ म्हणजे धर्मांतर?" हेही मला गावात विचारलं गेलं. सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान आहेत आणि आमच्या वॉर्डातही तेच चित्र होतं. निवड आजारावर होते, शस्त्रक्रिया फुकट होते, धर्माची अट नसते. बोटीवर प्रार्थना होते, ज्याला हवी त्याच्यासोबत. मी कॅथलिक, बोटीवरचे बरेचसे इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथातले. त्यांची गिटारवरची गाणी मला परकी वाटायची, म्हणून सुट्टीच्या रविवारी मी शहरातल्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमध्ये मिस्साला जायचो. कुणी हरकत घेतली नाही. आजाऱ्याची सेवा ही माझ्या श्रद्धेचीच गोष्ट आहे, ते मी लपवत नाही. पण माणूस बरा करण्याच्या बदल्यात काही मागणं मला पटलं नसतं आणि तिथे तसं दिसलं असतं तर मी परतलो असतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की बोट एक दिवस निघून जाते. मग काय उरतं? म्हणून तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवण्यावर संस्था भर देते आणि मला वाटतं तोच भाग सगळ्यात मोलाचा आहे. रोजच्या कामाला फ्रीटाउनचीच माणसं पगारावर असतात. त्यातला एक तरुण इलेक्ट्रिशियन माझ्यासोबत असायचा. व्होल्टेज वरखाली झालं की यंत्राच्या आत आधी काय जळतं, अर्थिंग कसं तपासायचं, मल्टिमीटर कुठे फसवतो, हे आम्ही रोज करायचो. शहरातल्या इस्पितळांना बाहेरून यंत्रं दान येतात आणि अशा एखाद्या जळलेल्या सर्किट कार्डामुळे कोपऱ्यात पडून राहतात. ती उठवणारा माणूस तिथलाच हवा.

पैशांचं सरळ सांगतो. बहुतेक स्वयंसेवक प्रवासाचा आणि बोटीवरच्या राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः उचलतात. आमच्या घरी हिशेब हिने मांडला. पुढच्या कॉन्ट्रॅक्टचा पहिला पगार येईपर्यंत घर तिच्या पगारावर चाललं. तेव्हा ही सेवा माझी एकट्याची नाही, निम्मी तिची आहे.

आचारी, सुतार, प्लंबर, गोदाम सांभाळणारे, केस कापणारे, सगळे लागतात. कुटुंबासह राहणाऱ्यांच्या मुलांसाठी बोटीवर बारावीपर्यंतची शाळासुद्धा आहे. माझी बायको गणित शिकवते. शिक्षकांना जास्त काळ राहावं लागतं, म्हणून मुलीची बारावी झाली की आम्ही दोघांचे अर्ज एकत्र भरणार आहोत.