तुम्ही विचारलंत म्हणून: ते एक्स्पोर्ट कुठं लिहायचं?

बेळगावच्या टिळकवाडीत माझ्याकडे येणारी इंजिनिअरिंगची पोरं फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतात. एक म्हणजे, "सर, तुमच्या टर्मिनलवर वार आणि महिना मराठीत कसा काय येतोय?" दुसरी, "एक्स्पोर्ट केलंय की हो सर, पण टर्मिनल बंद केलं की जातंय ते." उद्यमबागेतल्या कारखान्यांचे संगणक सांभाळणारेही फोनवर हेच विचारतात, फक्त त्यांच्या आवाजात वैताग जास्त असतो. दोन्हींचं उत्तर एकातून एक निघतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी जातंय ते कुठं जातंय ते बघू. टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, आणि शेल म्हणजे ते हुकूम वाचून चालवणारा प्रोग्राम. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे चालू प्रोग्रामजवळची नावं आणि त्यांच्या किमती यांची यादी. एका प्रोग्रामनं दुसरा सुरू केला की नव्याला त्या यादीची प्रत मिळते. मूळ यादी कुणी कुणाच्या हातात देत नाही. शेलमध्ये ठेवलेलं नाव या यादीत घालायचं ते एक्स्पोर्टनं. 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचं शेल आलं, त्यात एक्स्पोर्ट होतं. 1989 च्या बॅश या शेलनं तीच रीत उचलली आणि आजही ती तशीच आहे.

वाचून पटत नाही, करून बघा. टर्मिनलवर रोमन अक्षरांत गाव असं लिहा, लगेच बरोबरचं चिन्ह, लगेच खानापूर. मधे जागा सोडायची नाही. जागा सोडलीत तर गाव नावाचा हुकूमच शोधायला शेल निघेल आणि सापडला नाही म्हणून सांगेल. व्हेरिएबलचं नाव देवनागरीत बॅशला चालत नाही, किंमत मात्र खुशाल 'खानापूर' अशी मराठीत द्या. आता डॉलरचं चिन्ह लावून ते इको करा (इको म्हणजे छापून दाखवणारा हुकूम), खानापूर दिसेल. मग त्याच टर्मिनलमध्ये नुसतं बॅश असं लिहून एंटर मारा. शेलच्या पोटात दुसरं शेल उघडलं. इथं पुन्हा इको करा: कोरी ओळ. एक्झिट करून बाहेर या, गाव एक्स्पोर्ट करा, परत आत शिरा, आता खानापूर आलं. आतल्या आत त्याचं निपाणी करून टाका आणि बाहेर या. बाहेर अजून खानापूरच.

एवढं ज्यानं स्वतःच्या हातानं केलं, त्याला पुढचं अर्धं सांगावं लागत नाही. सेटिंगची स्क्रिप्ट चालवली तरी काहीच का बदलत नाही, हेही यातच आलं: स्क्रिप्ट वेगळ्या शेलमध्ये चालते, आपली प्रत बदलते आणि संपते. सोर्स या हुकमानं चालवली तरच ती चालू शेलमध्ये उतरते. आणि तपासायला इको वापरू नका, ते एक्स्पोर्ट न केलेलंही दाखवतं. प्रिंटएन्व्ह वापरा, त्यात फक्त पुढं जाणारी नावं असतात.

टर्मिनलची खिडकी बंद झाली म्हणजे शेल संपलं आणि त्याची यादीही संपली. दर वेळी नवी यादी तयार व्हायला हवी असेल तर ती ओळ अशा फाइलीत हवी, जी शेल सुरू होताना आपण होऊन वाचतं. उबुंटू लिनक्सवर खिडकी उघडली की डॉट बॅशआरसी वाचली जाते. लॉगिन करताना डॉट प्रोफाइल वाचली जाते, पण घरच्या फोल्डरात डॉट बॅश_प्रोफाइल असेल तर बॅश तीच वाचतं आणि डॉट प्रोफाइलकडे ढुंकूनही बघत नाही. कुठल्या तरी इन्स्टॉलरनं गुपचूप ती फाइल तयार करून ठेवलेली असते आणि पोरगा दोन तास डॉट प्रोफाइलमध्ये ओळी घालत बसतो. मॅकवाल्यांना 2019 च्या कॅटलिनापासून झेडशेल मिळतं, त्यांनी डॉट झेडशआरसी उघडावी.

माझी वाटणी साधी आहे. पाथ (हुकूम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी), एडिटर असलं सगळ्या प्रोग्रामांना लागणारं डॉट प्रोफाइलमध्ये, आणि एकदा लॉगआउट करून परत यायचं. प्रॉम्प्टचा रंग, हिस्टरीची लांबी, एलियस म्हणजे हुकमांची टोपणनावं, हे डॉट बॅशआरसीत. इंटरनेटवरून कुणाची तरी तीनशे ओळींची फाइल उचलून चिकटवू नका. त्यातली कुठली ओळ काय करते हे सांगता येत नसेल, तर ती फाइल तुमची नाही.

पाथबद्दल एवढंच, की त्यात फोल्डर डावीकडून उजवीकडे शोधले जातात आणि नवीन फोल्डर घालताना जुना पाथ पुढं जोडायचा असतो. जोडायचा राहिला की फाइलींची यादी दाखवणारं एलएससुद्धा सापडत नाही. घाबरून मशीन फॉरमॅटला आणू नका. स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश एलएस असं पूर्ण लिहिलं तर तेच एलएस अजून चालतं, आणि तसाच पूर्ण पत्ता देऊन एडिटर उघडून ती ओळ दुरुस्त करता येते.

कारखान्यातून येणारा फोन बहुतेक क्रॉनबद्दल, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामबद्दल असतो. रिपोर्टची स्क्रिप्ट हातानं चालवली की चालते, रात्रीच्या शिफ्टला आपोआप चालत नाही. क्रॉन तुमची डॉट बॅशआरसी वाचत नाही, त्याचा पाथही आखूड असतो. लागणारी व्हेरिएबलं त्या स्क्रिप्टमध्येच वर लिहा, किंवा क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, डोक्यावर. फोन तिथंच संपतो.

आता मराठी वार-महिन्याचं. आमच्या बेळगावात एका माणसाच्या एका दिवसात चार भाषा येतात: घरात मराठी, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड, शॉप फ्लोअरवर हिंदी, बिलावर इंग्रजी. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. शेलमधल्या लोकेलचं, म्हणजे भाषा-प्रांताच्या सेटिंगचंही तसंच आहे, कुठल्या कामाला कुठली भाषा ते वेगवेगळं सांगता येतं. लँग ही सर्वसाधारण निवड. तिच्यावर एलसी_टाइम (तारीख-वेळ), एलसी_कोलेट (अक्षरांचा क्रम), एलसी_मेसेजेस (संदेश) अशा एकेका कामाच्या निवडी. आणि एलसी_ऑल सगळ्यांच्या डोक्यावर, ते ठेवलं की बाकी कुणाचं काही चालत नाही.

माझ्याकडे लँग भारतीय इंग्रजी आहे आणि फक्त एलसी_टाइम मराठी. त्यामुळे डेट या हुकमाला वार आणि महिना विचारला की शुक्रवार, नोव्हेंबर असं उत्तर येतं, पण चूक झाल्याचे संदेश इंग्रजीतच येतात. ते मी मुद्दाम तसे ठेवलेत. इंग्रजी संदेश जसाच्या तसा शोधला की उत्तर सापडतं. शिवाय बऱ्याच टर्मिनलांत वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. एक महिना फुटला तर चालतं, आख्खा परिच्छेद फुटला तर डोकं उठतं.

मराठी लोकेल मशीनवर आधी तयार असावं लागतं. लोकेल डॅश ए म्हटलं की असलेल्यांची यादी येते. त्यात मराठीचं एमआर_आयएन नसेल तर लोकेल-जेननं तयार करा, आणि यादीत जसं नाव दिसतं तसंच एक्स्पोर्टच्या ओळीत लिहा. कन्नडचं केएन_आयएनही असंच मिळतं. चिकोडीकडचा एक विद्यार्थी ते वापरतो, आम्ही एकमेकांच्या स्क्रीनवर महिने वाचतो.

एलसी_ऑल मात्र कायमचं लावू नका. एकानं माझी स्क्रीन बघून उत्साहानं तेच मराठी करून टाकलं. त्याची बॅकअपची स्क्रिप्ट महिन्याच्या नावानं फोल्डर करायची. नवीन फोल्डर देवनागरीत झाले, जुने साफ करणारी दुसरी स्क्रिप्ट इंग्रजी नावं शोधत राहिली आणि डिस्क भरत गेली. स्क्रिप्टमध्ये तारखेला आकडे वापरावेत: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. एखाद्या हुकमापुरतं साधं लोकेल हवं असेल तर त्याच्या आधी त्याच ओळीत एलसी_ऑल बरोबर सी असं लिहावं. ते तेवढ्या हुकमापुरतंच लागू होतं, मागं काही उरत नाही.

पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या सर्व्हरवर एसएसएचनं (दूरच्या मशीनवर शिरायचा प्रोग्राम) शिरलात आणि पर्ल या भाषेतल्या प्रोग्रामनं लोकेल लावता येत नाही म्हणून कुरकुर केली, तर घाबरू नका. उबुंटूचं एसएसएच तुमची लँग आणि एलसीची नावं सोबत पाठवतं, आणि तिकडं मराठी तयार नसतं. सर्व्हर तुमचा असेल तर तिथं लोकेल-जेन चालवा. नसेल तर आपल्याच मशीनवर एसएसएचच्या सेटिंगमधली सेंडएन्व्हची ओळ बंद करा.

आणि पासवर्ड, एपीआय की असल्या गोष्टी डॉट बॅशआरसीत लिहून ती फाइल गिटहबवर चढवू नका. त्या वेगळ्या फाइलीत ठेवा, ती फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी करा आणि काम असेल तेव्हाच सोर्स करा.