काठावर किती वेळ उभे होतात?

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठव, असा मंडळाचा फोन आला तेव्हा वाटलं होतं, शाळेविषयी भरभरून लिहू. शिपाईमामांची घंटा, पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या वर्गात आपोआप बंद पडणारा तास, प्रयोगशाळेतला सांगाडा. पण लिहायला बसलो आणि इंग्रजीच्या बाईंच्या पुढे गाडी सरकेचना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आमची १९७९ ची दहावी. इंग्रजी पाचवीपासून. आठवीत आलो तेव्हा वेडेपणासाठी आमच्या पदरी एकच शब्द होता, ‘फूलिश’. (‘स्टुपिड’ही येत होता, पण तो मधल्या सुट्टीसाठी राखून ठेवलेला.) बाईंना हे चालायचं नाही. “मराठीत उतावळा वेगळा, आततायी वेगळा, बावळट वेगळा, हेकट वेगळा. मग इंग्रजीत गेल्यावर सगळे एकाच दावणीला का बांधता?” शनिवारच्या शेवटच्या तासाला त्या हे शब्द घ्यायच्या. आम्ही त्या तासाचं नाव ‘मूर्खलक्षणे’ ठेवलं होतं आणि ते बाईंना ठाऊक होतं.

‘सिली’ म्हणजे एके काळी पुण्यवान, मग गरीब बिचारा, मग भोळा आणि शेवटी बावळट, अशी त्या शब्दाची घसरण त्यांच्याकडून ऐकली. ‘नाइस’चा प्रवास उलटा, तो मुळात अडाणी होता आणि पुढे छान झाला. ‘डन्स’, म्हणजे ढ, हा शब्द डन्स स्कोटस नावाच्या गाढ्या पंडिताच्या नावावरून पडला, हे कळल्यावर मागच्या बाकावर जो आनंद पसरला तो अजून आठवतो. ‘इल-अ‍ॅडव्हाइज्ड’ला त्या ‘उंटावरच्या शहाण्याचा सल्ला घेतलेला’ म्हणायच्या. ‘प्रूडन्ट’ म्हणजे पुढचं बघणारा. प्रॉव्हिडन्ट फंडातला ‘प्रॉव्हिडन्ट’ त्याचाच सख्खा भाऊ. त्याच्यापुढे ‘इम’ लावला की पुढचं न बघता वागणारा.

आता ती गोष्ट. ओढ्यावरची फरशी, म्हणजे तो जुना ठेंगणा पूल, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आठवीच्या पावसाळ्यात, चाचणीच्या दिवशी ती पाण्याखाली गेली. पलीकडच्या वाडीतले आम्ही तिघे एकमेकांचे हात धरून, दप्तरं डोक्यावर घेऊन, गुडघाभर पाण्यातून आलो. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर आम्हाला पुढे बोलावून शाबासकी दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. तास संपल्यावर मला थांबवलं आणि म्हणाल्या, “काय केलंस ते इंग्रजीत लिहून आण. चार ओळी. एक विशेषण हवं.”

मी अर्थातच ‘ब्रेव्ह’ लिहिलं. लाल रेघ. दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून ‘फूलिश’ लिहिलं. त्यावरही रेघ. “हा शब्द कुणालाही बसतो. तू काय केलंस ते सांग.” मग ‘रॅश’. बाईंनी वर पाहिलं. “काठावर किती वेळ उभे होतात?”

“अर्धा तास, बाई.”

“पाण्याकडे बघत?”

“हो. एक काठी टाकून बघितली. कुठे जाते ते.”

“मग हे रॅश कसं? रॅश म्हणजे अविचार. तुम्ही विचार केलात आणि मग उतरलात.”

चौथ्या दिवशी मी ‘रेकलेस’ लिहिलं, तेही पुढे डब्ल्यू लावून. बाई पोट धरून हसल्या. डब्ल्यू लावलास तर अर्थ होईल अपघात न झालेला, म्हणजे तुझीच बाजू घेतल्यासारखं, म्हणाल्या. “आणि रेकलेस तो, ज्याला कशाचीच पर्वा नाही. तुम्ही दप्तरं डोक्यावर घेतलीत. पुस्तकांची पर्वा होती. जिवाची तेवढी नव्हती.” पाचव्या दिवशी ‘फूलहार्डी’ सापडला. मुळात फ्रेंचमधून आलेला, वेड आणि धाडस एकत्र बांधलेला शब्द. त्या कागदावर बाईंनी सही केली. वडिलांना मात्र बोलावलं नाही, हे उपकार वेगळेच.

पुढे मी बँकेत चिकटलो. १९९२ साली रिझर्व्ह बँकेचे ‘प्रुडेन्शिअल’ नियम आले, बँकांच्या सुधारणा सुचवणाऱ्या नरसिंहम समितीच्या अहवालानंतरचे. तोवर कर्जाचं व्याज आलं नाही तरी कागदोपत्री उत्पन्नात धरलं जायचं. आता सुरुवातीला चार तिमाह्या थकलं की खातं अनुत्पादक, म्हणजे त्याचं न आलेलं व्याज उत्पन्नात धरायचं नाही, आणि ही मुदत आवळत आवळत २००४ पासून ९० दिवसांवर. शाखेत सगळे त्या परिपत्रकाला शिव्या घालत होते आणि मी एकटाच, पुढचं बघणारा, पुढचं बघणारा, असं मनात घोळवत बसलो होतो.

नोकरीची शेवटची काही वर्षं बुडीत कर्जांच्या चौकशीत गेली. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या फायलीवर कोणता शब्द पडतो, यावर त्याचं निवृत्तिवेतन लटकलेलं असतं. ‘एरर ऑफ जजमेंट’ असेल तर समज देऊन सुटका. ‘रेकलेस’ असेल तर आरोपपत्र. एका दुग्धव्यवसायाच्या कर्जात माझ्या आधीच्या माणसाने सरळ ‘रेकलेस’ ठोकून दिलं होतं. मी फाईल उलटून पाहिली. त्या अधिकाऱ्याने गोठ्याला दोनदा भेट दिली होती, चाऱ्याचा हिशोब लिहिला होता, दूध संघाचा दाखला जोडला होता. पुढे जनावरांत रोग आला. हा माणूस काठावर उभा होता आणि काठी टाकून पाहत होता. मी शब्द बदलला आणि खाली तीन पानं कारणं लिहिली. ती मान्य झाली. उलट दुसऱ्या एका फायलीत अर्ज, मंजुरी आणि रक्कम सगळं एकाच दुपारी उरकलं होतं. तिथे ‘रॅश’ लिहिताना हात अडखळला नाही. पोलिसांच्या मराठीत रॅशला ‘अविचाराने’ आणि निग्लिजन्टला ‘हयगयीने’ म्हणतात. अपघाताच्या फिर्यादीत हे दोन शब्द कायम जोडीने येतात, पण बाईंनी ते आम्हाला वेगळे करून दिले होते.

हे बाईंना सांगायचं राहिलं. निवृत्त झाल्यावर निवांत जाऊ, म्हणत राहिलो. त्या त्याआधीच गेल्या. या माझ्या वागण्याला कोणतं विशेषण, तेही त्यांनाच विचारायला हवं होतं.

आता शाळेत सेमी-इंग्रजी आहे, पोरं फाडफाड बोलतात, पण माझ्या नातवाचं सगळं जग ‘स्टुपिड’ नाहीतर ‘क्रेझी’ यातच आटोपतं. ओढ्यावरही उंच पूल झाला. चांगलंच झालं, तरी तिथून जाताना खाली बघतो.

बाईंच्या नावे वाचनालयाला दोन मोठे शब्दकोश दिले होते. मागच्या महिन्यात आलो तेव्हा मुद्दाम बघायला गेलो. काचेच्या कपाटात आहेत, छान कव्हर घातलेले. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर होते.