बाजारातलं कन्नड

लेकीकडं बेंगळुरूला गेलो की रविवारी ती मला शेतकऱ्यांच्या बाजारात नेते. "बाबा, सगळं थेट शेतातनं आलेलं असतंय!" मी मान डोलावतो. बेळगावच्या शनिवारच्या बाजारात पिशवी धरून केस पिकले माझे. कडोली-येळ्ळूरच्या बायका बुट्टी घेऊन बसतात, त्यांच्याकडं 'थेट शेतातनं' अशी पाटी लावायचं कधी कुणाला सुचलं नाही.

तिथं सगळं देखणं. रताळी धुऊन-पुसून लाकडी खोक्यात मांडलेली. आमची तांबड्या मातीसकट येतात; अंगठ्यानं माती खरवडून कीड बघायची, मग बोलायचं. इथं वाटा नाही, पेंडी नाही, पाव किलोचं पाकीट. भाव खडूनं लिहिलेला. मग बोलायचं काय? कॉलनीजवळच्या हॉपकॉम्सच्या दुकानात मी मुकाट घेतो. 1959 मध्ये द्राक्षवाल्यांनी काढलेली सहकारी संस्था ती, भाव फळ्यावर, तक्रार नाही. पण समोर शेतकरीणच बसलीय म्हटल्यावर जीभ शिवशिवली.

"एष्ट री? कडिमी माड्री!" म्हणजे, कितीला हो? कमी करा की!

लेक दोन पावलं बाजूला सरकली. ती बाई हसली आणि तिच्या मऊ, 'री' नसलेल्या कन्नडात म्हणाली, "तुम्ही उत्तर कर्नाटकातले ना?" मराठी घरात जन्मलेला मी 'हौद री', म्हणजे 'होय हो', म्हणून मोकळा झालो. गल्लीत सांगितलं असतं तर महिनाभर चिडवलं असतं.

हे कन्नड मी शाळेत शिकलो नाही. आई मेथीची पेंडी उलटीपालटी करत घासाघीस करायची, तेव्हा तिच्या पदराला धरून शिकलो. म्हणून ते बाजारापुरतंच. शंभरपर्यंत आकडे, ताजं, शिळं, महाग, आणि 'पुढच्या आठवड्याला देतो'. कन्नड शेजाऱ्याच्या घरी सुतक असलं तर मी नुसता हात जोडून बसतो. सरकारी कागद आला तर चष्मा पुसत बसतो. पण मिरचीच्या वाट्यावर चार मिरच्या जास्तीच्या घालून घ्यायच्या असल्या, तर मला कुणाचा आधार लागत नाही!

त्या बाईनं भाव काही कमी केला नाही. लेकीनं मोबाईल दाखवून पैसे दिले. मी पिशवी उचलताना बाईनं कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या आत सारल्या.

घरी लेक बिलात कढीपत्ता शोधत होती.