एथिक्स कमिटीत गेलेले चार महिने

जिल्ह्याच्या ठिकाणी राहून कर्करोगावर संशोधन करायचं, तर नोकरी बहुधा प्रकल्पावरची, कंत्राटी. जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन फेलोशिपचे) महिन्याला ३७,००० रुपये सुरू झाले की त्याच दिवसापासून प्रकल्पाचे महिने संपायला लागतात. रुजू होणं, खातं उघडणं, लॅबमध्ये जागा मिळणं, सगळं सुरळीत झालं. अडकलं ते एथिक्स कमिटीत, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत. प्रकल्पाच्या बारा महिन्यांपैकी चार तिथे गेले, आणि त्याचा राग अजून आहे, कारण निम्मे तरी वाचवता आले असते.

कमिटीची बैठक तीन महिन्यांतून एकदा. अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण मराठी संमतीपत्राच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख नव्हती. अर्ज घेतानाच हे दिसलं असतं. कळवायला तीन आठवडे लागले. मग ठरलेली बैठक गणपूर्तीअभावी रद्द झाली. किमान पाच सदस्य लागतात, त्यांत डॉक्टर नसलेले आणि संस्थेबाहेरचेही हवेत. सदस्य असलेल्या वकिलांची कोर्टात तारीख लागली आणि बैठक पुढे गेली. म्हणून प्रस्ताव लिहायला घेण्याआधीच सदस्य सचिवांना विचारा: पुढची बैठक कधी, आणि कागद किती दिवस आधी हवेत?

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो भाषेमुळे, आणि इथे कमिटीचं बरोबर होतं. भाषांतरकाराने ‘जैविक नमुन्याचे दुय्यम उपयोजन’ असं लिहिलं होतं. ओपीडीत बसलेल्या बाईला यातलं काय कळणार? शेवटी मजकूर असा केला: ‘तपासणीसाठी तुमच्या गाठीचा जो तुकडा काढला, त्यातला उरलेला भाग मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवला आहे. तो आम्ही संशोधनासाठी वापरू का? नाही म्हणालात तरी उपचार आहेत तसेच मिळतील.’ हे पाच-सहा नातेवाइकांना वाचून दाखवा, कुठे अडतात ते पाहा, आणि मगच दुसऱ्याच माणसाकडून उलट इंग्रजीत भाषांतर करून घ्या. अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार संशोधन चमूबाहेरचा हवा आणि वाचून दाखवताना पूर्ण वेळ हजर हवा. त्याच्या सहीची जागा संमतीपत्रावर आधीपासून ठेवा.

आम्हाला नमुन्याला रुग्णाच्या पुढच्या उपचारांची माहिती जोडायची होती, म्हणून पूर्ण बैठक लागली. तुमचं काम ओळख पुसलेल्या जुन्या नमुन्यांवर असेल तर एक्सपिडाइटेड रिव्ह्यू, म्हणजे पूर्ण बैठकीशिवाय होणारी जलद तपासणी, मागा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती सोय आहे.

थांबलेल्या दिवसांत कर्करोग नोंदणीचं, म्हणजे भागातल्या प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवण्याचं, काम शिका. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७पासून चालू आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासातून एकाच एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटतात हे २००९ साली जगापुढे आलं. हे काम आपल्या गावांत झालं, याचा मला अभिमान आहे. कोडिंग, म्हणजे कर्करोगाची जागा आणि प्रकार ठरलेल्या आकड्यांत लिहिणं, सवयीने येतं: जागा गर्भाशयमुख तर सी५३.९, प्रकार स्क्वेमस सेल कार्सिनोमा तर ८०७०/३. डोकं खातात त्या दुबार नोंदी. एकच बाई एका कागदावर माहेरच्या नावाने, दुसऱ्यावर सासरच्या. एकीकडे सुमन, दुसरीकडे सुमनबाई. वय कधी ५०, कधी ५५. ऊसतोडीवरून आलेली असेल तर पत्ता कारखान्याचा. मूळ गाव विचाराच; तिथे किमान एक वर्षाचं वास्तव्य असलं तरच ती त्या भागाची नोंद.

एक राहिलंच. तालुक्याहून येणारे गाठीचे तुकडे कधीकधी बफर (आम्लता वाढू न देणारं मिश्रण) नसलेल्या फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवण्याच्या द्रावणात, असतात. असं फॉर्मेलिन आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे पडतात. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट, सहा ते बहात्तर तास. बाटलीवर वेळ लिहायला लावा. कमिटीची वाट पाहत असतानाच हे सांगून ठेवा.

मंजुरीपत्र हाती आलं की त्यात मराठी संमतीपत्राचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख आहे का ते पाहा. आमच्या पत्रात फक्त इंग्रजीचा उल्लेख होता. दुरुस्तीत आणखी एक आठवडा गेला. ती होईपर्यंत एकाही रुग्णाची सही घेऊ नका.