फ्लूची ‘टिश्यू कल्चर’ अँटीबॉडी

रावेर-यावलच्या केळीवाल्याला मोनोक्लोनल म्हणजे काय हे फार समजवावं लागत नाही. टिश्यू कल्चरची बाग सगळी एकाच वाणाची असते आणि जवळपास एकदमच निसवते. 1975 साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीचं कर्कपेशीशी कलम केलं. त्यातून निवडलेल्या एका पेशीचा वंश कायम एकच अँटीबॉडी देत राहतो, तीच मोनोक्लोनल.

फ्लूचे विषाणू ओळखायला फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) वापरतात, त्यात अँटीबॉडींची खिचडी असते. मोनोक्लोनल मात्र विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनवर (पेशीला धरणारं त्याचं प्रथिन, एचए) नेमक्या एका जागी बसते. चाचणी जुनीच. विषाणू रक्तपेशींना धरून जाळं करतो, अँटीबॉडीने त्याला अडवलं की करत नाही: 25 मायक्रोलिटर अँटीबॉडी दुपटीने पातळ करत न्यायची, त्यात 25 मायक्रोलिटर विषाणू (4 एचए युनिट, म्हणजे रक्तपेशी धरण्याच्या ताकदीचं माप), 15 मिनिटांनी 50 मायक्रोलिटर रक्तपेशी. टर्कीच्या असतील तर 0.5 टक्के, अर्धा तास. प्लेट तिरकी केली की अडवलेल्या खणात पेशी थेंबासारख्या ओघळतात.

घोळ बहुतेक वेळा विषाणूच्या मापात होतो. 4 ऐवजी 8 युनिट पडले की टायटर (अँटीबॉडी किती पातळ केली तरी अडवते तो आकडा) निम्म्यावर येतो आणि विषाणू बदलल्याचा भास होतो. म्हणून त्याच दिवशी बॅक टायट्रेशन (घातलेल्या विषाणूचं माप पुन्हा मोजणं), सबब नको. एच3एन2 हा फ्लूचा प्रकार तर आणखी खोडकर. तो टर्कीच्या पेशींना नीट धरत नाही, गिनीपिगच्या लागतात. त्यात त्याचं न्यूरामिनिडेज हे दुसरं प्रथिनही पेशींना चिकटतं, मग ते अडवायला 20 नॅनोमोलर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध घालावं लागतं.

एकाच वाणाच्या बागेचं दुखणं इथेही आहेच. ती एक जागा बदलली, एखादंच अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक मणी) का होईना, की अँटीबॉडी आंधळी. एक निगेटिव्ह आला म्हणून विषाणू वेगळ्या जातीचा ठरत नाही. वेगवेगळ्या जागा धरणाऱ्यांचा संच लावायचा आणि कोण बसली, कोण सुटली याचा नमुना वाचायचा.

लसीच्या कामात हा आंधळेपणाच उपयोगी पडतो. कोंबडीच्या अंड्यात वाढवताना विषाणू तिथल्या पेशींशी जुळवून घेतो. एच3 मध्ये 194 व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाचं प्रोलिन होतं, तसे बदल. फेरेटच्या खिचडीत ते कधी झाकले जातात, पण त्या जागेची मोनोक्लोनल लगेच सुटते. म्हणून मूळ नमुना आणि अंड्यातलं बियाणं (लसीसाठी वाढवलेला विषाणू) एकाच संचावर शेजारी-शेजारी तपासायचं.

आणि हे सगळं नमुना जिवंत पोचला तर. जळगाव-धुळ्याहून पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवायचा स्वॅब व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात), 2 ते 8 अंशांवर, 72 तासांच्या आत. उशीर होणार असेल तर उणे 70. साध्या उणे 20 च्या फ्रीजरमध्ये ठेवलेला विषाणू पुढे पेशींत वाढेलच असं नाही.