सुपरमॅन उडण्याआधीचा पाऊण तास

रिचर्ड डॉनर यांचा ‘सुपरमॅन’ डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. या चित्रपटाचे नाव काढले की बहुतेकांना निळ्या-लाल पोशाखातला क्रिस्टोफर रीव्ह आणि जॉन विल्यम्स यांची ती तुतारीची धून आठवते. मलाही इतकी वर्षे तेच आठवत होते. अलीकडे शिरपूरला भावाकडे मुक्कामी असताना तो पुन्हा सलग पाहिला, तेव्हा मात्र लक्षात राहिला तो त्याआधीचा भाग. पोशाखातला सुपरमॅन प्रथम पडद्यावर दिसेपर्यंत जवळजवळ पाऊण तास उलटलेला असतो, आणि हेलिकॉप्टरच्या प्रसंगात तो सगळ्या शहरासमोर उडतो तोवर तासाहून अधिक वेळ गेलेला असतो. त्या उड्डाणावर प्रेक्षकाचा जो विश्वास बसतो तो या पाऊण तासाने मिळवलेला आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

डॉनर यांच्या हाती हे काम आले तेव्हा कॉमिक्समधल्या नायकांकडे गांभीर्याने पाहण्याची पद्धत चित्रपटसृष्टीत नव्हती. १९४८ च्या सुपरमॅन मालिकेत नायक उडायचा क्षण आला की तेथे अॅनिमेशनने काढलेली आकृती दाखवीत. १९६६ चा ‘बॅटमॅन’ तर उघडच विनोदी अंगाने केलेला होता. निर्माते साल्काइंड पिता-पुत्रांनी मारिओ पुझो यांच्यापासून अनेकांकडून पटकथा लिहून घेतली होती, पण तिच्यातही थट्टेचा सूर शिरला होता. डॉनर यांनी लेखक टॉम मँकविट्झ यांना सोबत घेऊन तो सूर काढून टाकला. सुपरमॅनची गोष्ट खरोखर घडलेली आहे असे मानूनच ती सांगायची, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या चाळीस वर्षांत या प्रकारचे जे चांगले चित्रपट झाले त्यांच्या मुळाशी मला हाच आग्रह दिसतो.

सुपरमॅनचा जन्म झाला त्या क्रिप्टन ग्रहाचा भाग भव्य आहे, मार्लन ब्रँडो त्यात आहेत, पण तेथे मी फार रेंगाळत नाही. तेथील माणसांचे झगमगणारे कपडे प्रकाश आल्या वाटेने परत फेकणाऱ्या खास कापडाचे होते, एवढी एक गंमत सांगून पुढे जातो, कारण हा चित्रपट माझ्या दृष्टीने सुरू होतो तो स्मॉलव्हिलच्या शेतावर. कथेत हे गाव कॅन्ससमधले आहे. चित्रीकरण कॅनडातील अल्बर्टा प्रांतात झाले. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ यांनी त्या सपाट मुलखाचा प्रकाश इतका मऊ टिपला आहे की गव्हाच्या शेतावरचे ऊन अंगाला लागते आहे असे वाटावे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले आणि तो त्यांनाच अर्पण केलेला आहे.

क्लार्कला, म्हणजे पृथ्वीवर या नावाने वाढणाऱ्या सुपरमॅनला, सांभाळणारे शेतकरी वडील ग्लेन फोर्ड यांनी साकारले आहेत. त्यांच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले आहेत. ते मुलाला सांगतात की तू येथे आलास त्याला काही कारण आहे, आणि ते कारण फुटबॉलमध्ये गुण मिळवणे हे खचित नव्हे. मग बाप-लेक हसत घराकडे निघतात, मुलगा पुढे पळतो, आणि वडिलांचा हात एकाएकी दुसऱ्या दंडाकडे जातो. काय होते आहे हे त्यांना कळते, प्रेक्षकालाही कळते. त्यानंतर थेट स्मशानभूमी. एवढ्या शक्ती अंगात असूनही मी त्यांना वाचवू शकलो नाही, असे क्लार्क आईजवळ म्हणतो. आगगाडीहून वेगाने धावणाऱ्या मुलाला पहिला पराभव मिळतो तो हृदयविकारापुढे, आणि त्यावर कोणताही उपाय कथेत ठेवलेला नाही.

यानंतर आई पहाटे उठते तेव्हा मुलगा उभ्या गव्हात एकटा उभा दिसतो. त्याला उत्तरेकडे जायचे आहे. निरोपाच्या या प्रसंगात तो आईला एक अगदी साधी गोष्ट सांगतो: शेजारच्या बेन हबर्डशी मी बोललो आहे, यापुढे शेतीच्या कामाला तो मदत करील. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, पण ते मनाला लागले नव्हते. आमच्याकडे मुलगा नोकरीसाठी सुरतेला किंवा पुण्याला निघतो तेव्हा आखाजीला सालदार ठरवून, विहिरीवरच्या मोटारीचे काय ते बघून आणि आईला शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवूनच निघतो. क्लार्कचा निरोप तसाच आहे. जगाला वाचवायला निघालेल्या माणसाला घरच्या गव्हाची काळजी आहे, हे लिहिणाऱ्याला सुचले आणि दिग्दर्शकाने ते कापले नाही, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

रीव्ह यांची निवड झाली तेव्हा ते चोविशीत होते आणि चित्रपटांत जवळजवळ अनोळखी होते. श्रेयनामावलीत त्यांचे नाव ब्रँडो आणि जीन हॅकमन यांच्यानंतर येते. त्यांच्या कामाचे मोल समजून घ्यायचे तर क्लार्कची सहकारी बातमीदार लोइस लेन हिच्या घरातला प्रसंग पाहावा. सुपरमॅन नुकताच उडून गेला आहे आणि दारात क्लार्क उभा आहे. लोइस आतल्या खोलीत जाते. क्लार्क चष्मा काढतो. वाकलेली पाठ सरळ होते, खांदे मागे जातात, मान वर येते, आवाज खाली उतरतो. उंचीच दोन-तीन इंचांनी वाढल्यासारखी वाटते. तो तिला सगळे सांगून टाकणार असतो. मग धीर सुटतो, चष्मा नाकावर परततो आणि तेच शरीर पुन्हा आक्रसून बुजऱ्या बातमीदाराचे होते. यात कॅमेऱ्याची कोणतीही युक्ती नाही. माझ्या शेजारी बसलेला पुतण्याचा आठ वर्षांचा मुलगा, जो तोवर उड्डाणे शांतपणे पाहत होता, तो येथे मात्र माझ्याकडे वळून म्हणाला, “आबा, हाऊ तोच शे का?” चष्मा लावला म्हणून कोणी ओळखणार नाही, हे कॉमिक्सने चाळीस वर्षे नुसते गृहीत धरले होते, रीव्ह यांनी ते करून दाखवले.

उड्डाणांची तांत्रिक बाजूही सांगण्याजोगी आहे. रीव्ह यांना तारांनी क्रेनला टांगले जात असे. निळ्या पडद्यासमोर चित्रीकरण करून मागचे दृश्य नंतर जोडताना निळा पोशाखही गडप होतो, म्हणून पोशाखाच्या रंगछटेतही फेरफार करावे लागले. खरी अडचण सुटली ती झोरान पेरिसिच यांच्या झॉप्टिक पद्धतीने. नटाच्या मागच्या पडद्यावर समोरून आकाशाचे दृश्य टाकायचे, आणि ते टाकणाऱ्या प्रोजेक्टरचे व कॅमेऱ्याचे झूम भिंग एकाच गतीने फिरवायचे. पडद्यावरचे चित्र जितके लहान होते तितकाच कॅमेराही जवळचे पाहू लागतो, त्यामुळे आकाश चौकटीत होते तेवढेच राहते आणि मधोमध टांगलेला नट मात्र मोठा होत जातो. नट जागचा हललेला नसतो, तरी तो आपल्याकडे झेपावत आहे असे दिसते. चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी विशेष ऑस्कर मिळाले, ते योग्यच होते. तरीही या यंत्रणेत रीव्ह यांच्या शरीराचा वाटा मोठा होता. ते स्वतः वैमानिक होते, ग्लायडरही चालवीत, आणि वळणावर एक खांदा किती झुकवावा हे त्यांना ठाऊक होते.

चित्रपटात दोषही आहेत. खलनायक लेक्स लूथर आणि त्याच्या साथीदारांचे प्रसंग डॉनर यांनी जो थट्टेचा सूर बाहेर काढला त्याच सुराकडे पुन्हा झुकतात. शेवटी सुपरमॅन पृथ्वीभोवती वेगाने फिरून काळ मागे नेतो, यावर आजवर पुष्कळ टीका झाली आहे. हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता आणि ऐनवेळी पहिल्या भागाला जोडला गेला. विज्ञानाच्या कसोटीवर तो टिकत नाही, हे मान्य. तरी त्याआधीचे क्षण पाहा. लोइस मृत झाली आहे, सुपरमॅन आकाशात झेपावतो आणि त्याला दोन आवाज ऐकू येतात: मानवी इतिहासात ढवळाढवळ करू नकोस असे बजावणारा क्रिप्टनचा पिता, आणि तू कारणाने आला आहेस असे सांगणारा शेतकरी बाप. तो शेतकऱ्याचे ऐकतो. स्मशानभूमीत जे जमले नव्हते ते तो येथे करतो, आणि म्हणून मला हा शेवट पटतो.

ज्या दोघांनी हे पात्र निर्माण केले त्या जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला विकले होते. उतारवयात दोघेही हलाखीत होते. या चित्रपटाची तयारी सुरू झाल्यावर सीगल यांनी जाहीरपणे आवाज उठवला, आणि १९७५ च्या अखेरीस सुपरमॅनचे हक्क असलेल्या वॉर्नर कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन व श्रेय देण्याचे कबूल केले. पडद्यावर त्यांची नावे येतात तेव्हा मी दर वेळी ती वाचतो.

माणूस उडवण्याचा हाच प्रश्न आमच्या खानदेशाच्या दक्षिण सीमेवरच्या मालेगावात नासिर शेख यांच्यापुढेही उभा राहिला. यंत्रमागांच्या त्या गावात त्यांनी स्थानिक माणसांना घेऊन, नगण्य खर्चात ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात ती सगळी धडपड दिसते. सुपरमॅन झालेले शफीक शेख हे शरीराने अगदी किरकोळ, यंत्रमागावर काम करणारे गृहस्थ. झॉप्टिक तेथे कुठून येणार? हिरवे कापड, व्हिडिओ कॅमेरा आणि संगणक यांवर त्यांनी उड्डाण साधले. पुढे शफीक यांचे कर्करोगाने निधन झाले. हिरव्या कापडासमोर आडव्या झालेल्या शफीक यांच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता आहे तीच मला रीव्ह यांच्या चेहऱ्यावर दिसते, आणि डॉनर यांचा चित्रपट पाहणाऱ्याने हा माहितीपटही अवश्य पाहावा असे मी सुचवीन. मूळ चित्रपटाच्या एकाहून अधिक आवृत्त्या उपलब्ध आहेत. त्यांतली चित्रपटगृहात आलेली १४३ मिनिटांचीच निवडावी, कारण तिच्यात स्मॉलव्हिलच्या भागाची गती सर्वांत नेमकी साधली आहे.