स्पॅममध्ये गेलेली २४ पानं

मी मुद्रितशोधन करते. सांगलीत घरी बसून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची कामं करायची, आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची. अंकात मुखपृष्ठ, मांडणी, अक्षरजुळणी यांच्या खाली सगळ्यात बारीक टाइपात 'मुद्रितशोधन' असं येतं आणि पुढे माझं नाव. तेवढंच. पण ते तेवढंच असल्यामुळे फार जपावं लागतं.

२०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. त्याच्या चार दिवस आधी एक अंक टपालानं आला. नेहमीच्या सवयीनं मधूनच उघडला, तर पान ११३ वर चांगल्या ठसठशीत अक्षरात शीर्षक: 'शिक्षक दीन आणि आम्ही'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बापडा. लेख वाचल्यावर हेच शीर्षक जास्त बरोबर आहे असं वाटत होतं ही गोष्ट वेगळी. पुढच्या पानांवर 'आशिर्वाद', 'पारंपारीक', 'उज्वल' अशी रांगच लागली होती. ही पानं मी कधी पाहिलीच नव्हती.

संपादकांना फोन केला.

"अहो, ११२ पासूनची पानं माझ्याकडे आलीच नाहीत."

"ताई, ३ ऑक्टोबरला मेल टाकला होता की. तुमचं उत्तर नाही आलं. मला वाटलं, चुका नसतील."

या उत्तरावर काय बोलणार! मेलचं स्पॅमचं खण उघडलं. १४ ऑक्टोबरची त्यांची आठवण तिथे पडलेली होती: 'पानं मिळाली ना? नसेल काही तर पुढे जातो.' ३ तारखेचा मूळ मेल मात्र नव्हता. स्पॅममधला माल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी पाठवलेल्या मेलचा फोटो काढून मला धाडला. विषयाची जागा रिकामी. सोबत 'फायनल_फायनल_२' नावाची झिप फाइल. आत एकच ओळ: 'तातडीचे. लगेच उघडून पाहावे.' एखादा भामटासुद्धा याहून बरं पत्र लिहितो.

पहिला राग अर्थातच मेलसेवेवर निघाला. बदलूनच टाकू म्हटलं. पण कुठली घ्यायची? विचारलं त्या प्रत्येकानं स्वतःचीच सांगितली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. कुणी म्हणे, "आमच्यात एक स्पॅम येत नाही." पण खणात काय जातं, हे त्यातल्या एकानंही कधी उघडून पाहिलं नव्हतं. तेव्हा ठरवलं की आपणच मोजायचं. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे काम कमीच असतं.

तीन फुकट सेवांची तीन नवी खाती काढली. नावं इथे मुद्दाम देत नाही. एका घरातली दोन महिन्यांची मोजणी म्हणजे काही निकालपत्र नव्हे, आणि दर काही महिन्यांनी या सेवा आतून बदलत असतात. ज्या क्रमानं उघडली त्या क्रमानं त्यांना मी वहीत थोरली, मधली आणि धाकटी म्हणत होते. भाचा संगणकातला. तो म्हणाला, "मावशी, तीन जावा म्हण सरळ." त्याच्या धंद्यातला काहीतरी विनोद असावा, एकटाच हसला.

सुरुवात चुकली. माझ्या जुन्या खात्यातला सगळा मेल या तिघींकडे आपोआप पुढे जाईल अशी सोय करून मी मोकळी झाले. आठवडाभर तिन्ही खाती आरशासारखी स्वच्छ! मी खूश. भाच्यानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. जुनी सेवा स्पॅम आधीच बाजूला काढते आणि उरलेलंच पुढे पाठवते, म्हणजे मी तिघींना निवडलेले तांदूळ देऊन कोण चांगलं निवडतं ते बघत होते. शिवाय असा पुढे ढकललेला मेल मूळ पत्ता एकाचा आणि आणून देणारा सर्व्हर दुसऱ्याचा असा येतो. त्यामुळे खरा मेलही संशयित ठरू शकतो. आठवडा वाया गेला. वहीतलं पान फाडलं.

मग आमिष लावलं. एकाच दिवशी तिन्ही पत्ते तेवढ्याच ठिकाणी टाकले: फुकट फॉन्ट देणारी दोन संकेतस्थळं, नोकऱ्यांची एक साइट, गृहवस्तू प्रदर्शनातल्या लकी ड्रॉची तीन कुपनं, आणि भाच्याच्या एका उघड्या वेबपानावर तळाशी. पत्ते वेचत फिरणारे प्रोग्रॅम अशी पानं चाळतच असतात. पहिले नऊ दिवस शुकशुकाट. दहाव्या दिवशी धाकटीकडे वजन कमी करण्याचा चहा आला, आणि त्यानंतर बांधच फुटला.

रोज सकाळी चहा घेताना मी ही तीन खाती वाचायची. मुद्रितशोधकाला स्पॅम वाचायला बसवणं म्हणजे सोनाराकडे बेन्टेक्स नेणं. इंग्रजीतल्या मेलबद्दल मी बोलत नाही, पण मराठीतले भामटे व्याकरणात पकडता येतात. एक मेल अजून पाठ आहे: 'आपल्या खात्यामध्ये असामान्य क्रियाकलाप आढळली आहे. खालील दुव्यावर जाऊन आपली ओळख सत्यापित करा.' क्रियाकलाप पुल्लिंगी. 'सत्यापित' हिंदीतून आलेलं, कुठलीही मराठी बँक 'पडताळणी' म्हणेल. मी लाल पेन घेऊन सुधारायलाच बसले होते. प्राप्तिकराचा परतावा मिळणार असल्याचा मेल मात्र भाषेनं निर्दोष होता. तिथे पत्ता बघावा लागला. खात्याचं खरं संकेतस्थळ 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन'. यात 'गव्ह' होतं, पण मधेच कुठेतरी, आणि शेवट तिसऱ्याच नावानं. पत्ता शेवटाकडून वाचायचा असतो, हे मी त्या दिवशी शिकले. हा मेल मधलीनं थेट इनबॉक्समध्ये ठेवला होता.

आठ आठवड्यांनी वहीत बेरीज केली. थोरलीच्या इनबॉक्समध्ये ४ स्पॅम, खणात ६१. मधलीच्या इनबॉक्समध्ये १९, खणात २१२. धाकटीच्या इनबॉक्समध्ये फक्त १, खणात ३८. म्हणजे धाकटी पहिली, असं मी लिहूनही टाकलं. भाच्यानं पुन्हा खोड काढली. "मावशी, खणातला आकडा म्हणजे अडवलेला स्पॅम नव्हे. बराचसा तर दारातूनच परत जातो." बदनाम सर्व्हरांच्या काळ्या याद्या असतात. १९९८ पासून चालणारी स्पॅमहाउस नावाची संस्था अशा याद्या करते. त्या यादीतला सर्व्हर दार वाजवतो तेव्हाच मेलसेवा त्याला 'घेत नाही' म्हणू शकते. तो मेल खणातही दिसत नाही. मग कुणाचं खण भरलेलं आहे आणि कुणाचं रिकामं, यावरून ओ की ठो कळत नाही. मधली कदाचित सगळ्यांना घरात घेऊन मग माळ्यावर टाकत असेल.

आणि तसंही मला स्पॅम किती आला याच्याशी काय देणंघेणं? दोनचार जादा आले तर पुसून टाकीन. माझी पानं गेली होती ती खऱ्या मेलची.

म्हणून दुसरी मोजणी केली. ओळखीच्या दहा जणांना सांगितलं की तुम्ही एरवी लिहिता तसेच चार-चार मेल तिन्ही पत्त्यांवर पाठवा, सुधारून लिहू नका. प्रत्येकीकडे ४०. बहिणीनं नातवाचे फोटो पाठवले. वाचनालयानं वार्षिक सभेची सूचना पाठवली, वाचनालयाच्याच नावाच्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यात '@' च्या पुढे वाचनालयाचं स्वतःचं नाव. भजनी मंडळाच्या काकांनी ६० जणांना एकदम गुप्त प्रत टाकून निमंत्रण धाडलं, त्यात आम्ही तिघी. एका जुन्या डीटीपीवाल्यानं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातला मजकूर तसाच चिकटवला. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसेल तर समोर नुसता टाचण्या-सुयांचा ढीग दिसतो. आणि आमचे संपादक होतेच, विषयाविना.

४० पैकी मधलीनं १ गिळला, डीटीपीवाल्याचा. थोरलीनं ३. धाकटीनं ९! ज्या धाकटीच्या इनबॉक्समध्ये जेमतेम एक स्पॅम होता तिनं वाचनालय, मंडळ, डीटीपीवाला आणि संपादक सगळेच माळ्यावर टाकले होते. वहीतलं 'पहिली' खोडून मी तिथे 'शेवटची' लिहिलं.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा रेंगाळते. अडकलेला मेल उघडून भाच्यानं 'मूळ मजकूर दाखवा' वर टिचकी मारली. वेबमेलमध्ये बहुतेक ठिकाणी ही सोय असते, आपण कधी बघत नाही. पाकिटावरचे सगळे टपालशिक्के तिथे दिसतात. बहिणीच्या मेलमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' होतं. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकानं जाहीर केलेली यादी: माझ्या नावानं मेल पाठवायचा अधिकार या या सर्व्हरांना आहे. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचा लाखेचा शिक्का, वाटेत कुणी फोडलं तर कळतं. आणि या दोन्हींत खोट निघाली तर काय करायचं, हे डीमार्क सांगतो. संपादकांच्या मेलपुढे एसपीएफ 'नन', म्हणजे यादीच नाही, आणि बाकी दोन तर गायबच. अंकाच्या नावाचं डोमेन कुणा ओळखीच्या मुलाकडून स्वस्तात घेतलेलं, यादी कधी लावलीच नव्हती. वाचनालयाचंही तेच. ज्याची ओळख पटत नाही, विषय नाही, झिप आहे, वर 'तातडीचे' आहे, त्याला कुठला पहारेकरी आत सोडेल?

त्यातून नेमका फेब्रुवारी २०२४. त्या महिन्यापासून जीमेल आणि याहू या दोघांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याला हे तिन्ही शिक्के सक्तीचे झाले, जाहिरातीच्या मेलमधून एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याला पोचता कामा नये. आमचे संपादक दिवसाला पाच मेल पाठवतात, पाच हजार नव्हे. पण निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम छोट्यांनाही सांगितलेलं होतंच.

मी संपादकांना फोन करून हे सगळं समजावलं. अर्धं समजलं असावं. "ताई, म्हणजे चूक माझी?" "तुमची, माझी आणि त्या मुलाची, तिघांची." त्या मुलानं डोमेनच्या नोंदीत एक ओळ घातली, 'व्ही=एसपीएफ१' नं सुरू होणारी. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी थोरलीनं त्यांचा मेल इनबॉक्समध्ये ठेवला. धाकटी चार दिवस तोंड वाकडं करून होती. मी रोज खणात जाऊन 'स्पॅम नाही' दाबत राहिले, तेव्हा कुठे पाचव्या दिवशी वळली.

हे बटण दाबण्याला अर्थ आहे. शब्दांची मोजणी करून स्पॅम ओळखायची युक्ती तशी आधीची, पण २००२ साली पॉल ग्रॅहॅम या प्रोग्रॅमरनं तिच्यावर लेख लिहिला, तेव्हापासून ती फार पसरली: कुठला शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि खऱ्या मेलमध्ये किती, यावरून संभाव्यता काढायची. आताचे फिल्टर त्याच्या कितीतरी पुढे गेलेत, पण आपण काय दाबतो हे ते अजूनही बघतात. माझ्या खऱ्या मेलमध्ये 'फायनल', 'झिप', 'तातडीचे' हेच शब्द रोजचे असतात, हे त्यांना माझ्याशिवाय कोण सांगणार? खबरदारी म्हणून मी सगळ्या संपादकांचे पत्ते संपर्कयादीत घातले. जिथे 'स्पॅममध्ये कधीही पाठवू नका' असा फिल्टर करता येतो तिथे तोही लावला.

शेवटी मी थोरलीकडे गेले. मधली खरं तर मराठीशी जास्त प्रेमानं वागली होती, पण तो प्राप्तिकराचा मेल मला विसरता येईना. भजनी मंडळाच्या काकांना ६० जणांचे दोन गट करायला सांगितलं. ते म्हणाले, "एवढं कशाला, व्हॉट्सॲपवर टाकतो." टाकलं. आता तिथे रोज ४० सुप्रभात येतात, आणि त्यांच्यासाठी कुठलं खण नाही.

दर सोमवारी सकाळी चहाबरोबर मी स्पॅमचं खण वरपासून खालपर्यंत वाचते. २०२४ च्या अंकाची पानं सप्टेंबरात आली, सरळ इनबॉक्समध्ये. फाइलचं नाव 'फायनल_फायनल_३'. विषयाच्या जागी संपादकांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं होतं: 'स्पॅम नाही'. ते वाचतेय तोवर फोन वाजलाच. "ताई, मेल टाकलाय. बघा बरं, स्पॅममध्ये गेला असेल."